माहेरताडाचं थोटं पान

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला सांगता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक फुलांचं गाव होतं. घरोघरी शेवंती, मोगरा, अबोली. पाहुण्याला गावाचा वास आधी यायचा, घरं मागाहून दिसायची.

त्या गावात श्रावणातल्या पहिल्या सोमवारी खुडणी असायची. फुलझाडाचा कोवळा शेंडा नखाने खुडला की बाजूने फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं, फुलं दुपटीने येतात. घरोघरी जाऊन पहिला शेंडा खुडायचा मान आवडाक्काचा. काय हात होता बाईचा! तिने खुडलेली शेवंती लांबून ओळखू यायची.

आवडाक्का होतीही भारी चौकस. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून विचारायची, "कुठले तुम्ही? गाठोड्यात काय? तुमच्याकडे मीठ कसं पिकवतात हो?" पण समोरच्याने तोंड उघडायच्या आत तिचा पुढचा प्रश्न तयार. पुष्कळदा उत्तरही तीच देऊन मोकळी व्हायची. विचारायची हौस दांडगी, ऐकायला मात्र दम नाही, असं तिचं होतं.

तिच्या मुलाचं लग्न झालं आणि समुद्राकाठची सून घरात आली. नाव द्वारका. सगळे द्वारकी म्हणत. तिच्यासोबत गाडीतून एक मातीची कुंडी उतरली. कुंडीत कमरेइतकं उंच एक झाड. ताडाच्याच कुळातलं, पण घरात राहणारं. पानं पंख्यासारखी, हिरवीगार.

"हे काय गं? कसलं झाड? फुलं येतात का? कुठल्या रंगाची?" आवडाक्काने एका दमात विचारलं.

द्वारकी सावकाश बोलणारी. एकेक शब्द निवडून पुढे ठेवायची. "हा माहेरताड, अक्का. आमच्याकडे मुलगी झाली की बारशाच्या दिवशी तिची आई बी लावते. मग लग्नात तो मुलीबरोबर…"

"म्हणजे तुझ्याच वयाचा? अगं बाई! एवढ्या वर्षांत एवढाच वाढला?"

द्वारकी नुसती हसली. आई जाऊन पाच वर्षं झाली होती आणि हे झाडच तिची एवढी आठवण, हे तिला पुढे सांगायचं होतं. पण अक्का तोवर दोरा आणायला आत गेली होती.

दोरा कशाला म्हणाल? तर झाड मोजायला! अक्काने दोऱ्याला गाठ मारून झाडाची उंची धरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून बघितली. महिनाभर रोज बघितली. गाठ होती तिथेच. वर्षाला दोन पानं, यापेक्षा जास्त त्या झाडाला घाई नव्हती. शेजारणी विचारायच्या, "काय गं आवडाक्का, सुनेचा ताड कुठवर आला?" आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. अक्काला ते लागायचं. ज्या बाईच्या हाताखाली सगळं गाव फुलतं, तिच्याच ओसरीवर हे झाड हटून बसलेलं!

आषाढात निरोप आला, की द्वारकीचे वडील अंथरुणाला खिळलेत. ती लगोलग निघाली. पावसाने उखडलेल्या वाटेवर कुंडीला गाडीचे धक्के सोसवणार नाहीत म्हणून तिने ती सासूच्या हवाली केली. डोळे भरले होते तिचे.

"अक्का, मातीत बोट घालून बघायचं. कोरडी लागली तरच पाणी. दुपारचं ऊन नको. पानं ओल्या फडक्याने पुसायची. आणि याच्या शेंड्याला…"

"शेंड्याचं तू मला सांगतेस?" अक्का खळखळून हसली. "अगं, सगळा गाव माझ्याकडे येतो शेंड्यासाठी! जा तू निवांत. गाडी खोळंबलीय."

द्वारकी थांबली, घुटमळली आणि गाडीत बसली.

आता अक्काने हयगय केली असं कुणी म्हणू नका. माती बघून पाणी दिलं, पानं पुसली, ऊन चढलं की कुंडी आत ओढली. खुडणीचा सोमवार आला. गावभर फिरून ती घरी परतली. नखं हिरवी झाली होती, मन खुशीत होतं. माहेरताडाच्या मधोमध नवं पान वर येत होतं, मिटलेलं, सुरळी करून ठेवल्यासारखं. अक्काच्या मनात आलं, खुडून बघितलं तर? चार बाजूंनी चार फुटवे येतील, पोर परत येईल तेव्हा झाड कसं भरलेलं असेल! किती आनंद होईल तिला!

आणि तिने त्या सुरळीचं टोक नखाने खुडलं.

आठ दिवस झाले, फुटवा नाही. पंधरा दिवस झाले, नाही. शेवंतीला एव्हाना डोळे फुटले होते. ताडाची सुरळी मात्र टोकाशी तपकिरी पडली आणि तिथेच थांबली. अक्का वाकून वाकून बघायची. बाजूला काही नव्हतं, खाली काही नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, की या झाडाला फांदीच नाही. जे काही येतं ते त्या एका मधल्या जागेतून. जेवण गोड लागेना. पुढचे दोन महिने तिने कुणाला एक प्रश्न विचारला नाही, आणि गावाला वाटलं आवडाक्का आजारी आहे.

कार्तिकात द्वारकी आली. वडील बरे होते. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आतच अक्काने तिचे हात धरले.

"पोरी, मी तुझ्या झाडाचा शेंडा खुडला. मला वाटलं फुटेल. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही." बोलता बोलता तिला रडू कोसळलं.

द्वारकी कुंडीपाशी जाऊन बसली. तिने बोटाने माती चाचपली, एकेक पान उलटून बघितलं. अक्काच्या ओठांवर दहा प्रश्न आले. मेलं का? जगेल का? आता काय करायचं? तिने दात आवळून एकेक परत गिळला. उभ्या आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं.

शेवटी द्वारकी म्हणाली, "याला एकच शेंडा, अक्का. याचा जीव तिथेच, आत खोल. सुरळी हळूच ओढून बघायची. हातात आली, तर आत सगळं कुजलंय. नाही आली, तर जीव आहे."

तिने दोन बोटांत सुरळी धरली. अक्काने डोळे मिटून घेतले.

"धरून आहे," द्वारकी म्हणाली.

"मग जगेल?"

"माहीत नाही. हे बी माझ्या आईच्या हातचं आहे, अक्का. तिचं दुसरं काही माझ्याकडे नाही. बघू या."

आई! लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि आईमागे पोरीकडे एवढं झाडच उरलंय, हे अक्का आज पहिल्यांदा ऐकत होती. ती तिथेच जमिनीवर बसली. "कशी होती गं तुझी आई?" तिने विचारलं आणि गप्प राहिली. द्वारकी बोलायला लागली. मध्ये ती अडखळली, तरी अक्का वाट बघत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी अक्का उठली नाही.

हिवाळा तसाच गेला. दोरा अक्काने केव्हाच चुलीत घातला होता. दोघी रोज सकाळी कुंडीपाशी बसायच्या, पानं पुसायच्या आणि बोलायच्या. फाल्गुनात एका सकाळी सुरळी सैल झाली आणि चार दिवसांत पान उघडलं. थोटं पान! पंख्याच्या सगळ्या बोटांची टोकं कातरीने कापल्यासारखी सरळ. ते ध्यान बघून द्वारकीला हसू फुटलं. अक्का हसता हसता रडली.

"कापून टाकू का हे?" अक्काने विचारलं, आणि हात मागे बांधून उत्तराची वाट बघितली.

"राहू दे," द्वारकी म्हणाली. "त्याच्यामागचं बघा."

थोट्या पानामागे दुसरी सुरळी डोकावत होती, टोकदार आणि पुरी.

ते थोटं पान झाडावर बरीच वर्षं राहिलं. खुडणीला निघताना अक्का आधी त्याच्याकडे बघायची. कुणाच्या दारी अनोळखी रोप दिसलं, की नख लावायच्या आधी विचारायची, "याची रीत काय?" आणि घरचा माणूस सांगून संपेपर्यंत उभी राहायची. बायका म्हणायच्या, "आवडाक्का म्हातारी झाली गं, हात मंदावला."

पुढे द्वारकीला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी तिने माहेरहून मागवलेलं माहेरताडाचं बी सासूच्या हातावर ठेवलं. "रीत आईची आहे. पण या वेळी तुम्ही लावा, अक्का." म्हातारीने बोटाने मातीत खळगा केला आणि बी सरळ लावलं.

माहेरताडाचं बी उगवायलाही वर्ष घेतं. शेजारणी कुंडीत डोकावून जायच्या. माती तशीच काळी, सपाट. एकीने विचारलंच, "काय गं आवडाक्का, आलं का काही? उकरून तरी बघ!"

आवडाक्काने नात मांडीवर सावरून घेतली आणि म्हणाली, "मी विचारलंय त्याला. उत्तर यायचंय."

बोध: मनापासून विचारावं, पण उत्तर येईपर्यंत हात आणि जीभ आवरून धरावी.