दौलतनं शोधलेले स्वयंसेवक

निमखेड गावात एक भोळा सेवक राहायचा. सेवक म्हणजे ज्याला पगार कोणी देत नाही, पण ज्याच्यावर ओरडायचा हक्क सगळ्यांना असतो तो. त्याचं नाव दौलत. सांगितलेलं ऐकायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. लहानपणी गुरुजी म्हणाले होते, जागचा हलू नकोस. शाळा सुटून दिवेलागण झाली तरी दौलत बाकावर. गुरुजी केव्हाच घरी जाऊन जेवून झोपले होते.

गावात एक मंडळ होतं. मंडळाकडे 'बोलकं पान' नावाचं सॉफ्टवेअर होतं. पुस्तकाच्या पानासमोर फोन धरला की ते पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. अंध मुलं त्यावर अभ्यास करायची. सगळं फुकट, आणि आतलं सगळं उघडं. कोणीही बघावं, कोणीही दुरुस्त करावं. फक्त ते चालायचं मंडळाच्या मागच्या खोलीतल्या तीन सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे कधीच न झोपणारा संगणक. पान फोन बघायचा, वाचायचा सर्व्हर.

मंडळाचे अध्यक्ष वसेकर सर, निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याखाली उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार आणि बाकी सगळे मार्गदर्शक. रस्ता एकालाही माहीत नव्हता, मार्गदर्शक मात्र भरपूर. सर्व्हर प्रत्यक्ष सांभाळायची एकटी नसरीनताई मुलाणी. तिचं नाव मंडळाच्या पाटीवर नव्हतं, कारण पाटीवर जागा उरली नव्हती.

नसरीनताईला नववा महिना लागला. ती माहेरी निघाली.

"दौलत, मला दोन स्वयंसेवक शोधून दे," ती म्हणाली. "मी फोनवरून शिकवीन त्यांना. पण माणसं हवीत. बारावीची परीक्षा तोंडावर आलीय. सर्व्हर बंद पडले तर वैजू आणि वसतिगृहातल्या पोरी ऐकणार काय? सरांची भाषणं?"

वैजू म्हणजे अंध मुलींच्या वसतिगृहातली. बारावीला होती आणि जिभेनं तिखट.

"कसली माणसं आणू?" दौलतनं विचारलं.

प्रश्न ताईला विचारला होता, उत्तर दिलं सरांनी. "ज्यांच्याकडे रिकामा वेळ आहे अशी. स्वयंसेवा म्हणजे रिकाम्या वेळेचा सदुपयोग."

दौलत एसटी स्टँडवर गेला. बाकावर तिघं जण पत्ते कुटत होते.

"तुमच्याकडे रिकामा वेळ आहे का?"

"त्याशिवाय आहे काय आमच्याकडे?" एक जण म्हणाला.

दौलत तिघांना घेऊन आला. सर्व्हरच्या खोलीत एसी होता. तिघांना खोली फार आवडली. एक जण सर्व्हरला टेकून आडवा झाला, दुसऱ्यानं सर्व्हरवर पत्ते मांडले आणि तिसऱ्यानं फोन चार्जिंगला लावायला एक वायर काढली. कसली वायर ते त्यानं बघितलं नाही.

वैजूचा फोन आला. "दौलतभाऊ, पान मुकं झालं. 'पेशी म्हणजे' एवढं म्हणालं आणि गप्प बसलं. पेशी म्हणजे काय?"

"सरांना विचारून सांगतो," दौलत म्हणाला.

सरांनी पेशी सांगितली नाही. तिघांना बाहेर काढलं, वायर पुन्हा जोडायला लावली आणि दौलतलाच फैलावर घेतलं. "गाढवा, कोणालाही आत घेतोस? आधी अनुभव विचारायचा. सर्व्हरचा अनुभव नसेल त्याला दारातूनच वाटेला लाव."

"बरं सर," दौलत म्हणाला आणि दारात उभा राहिला.

खोलीतला एसी कुरकुरायला लागला होता. माहेरून नसरीनताईनं मेकॅनिक धाडला. तो शिडी घेऊन आला.

"सर्व्हरचा अनुभव किती?" दौलतनं विचारलं.

"मी एसीवाला आहे."

"मग जमायचं नाही."

"अहो, एसीच बिघडलाय ना तुमचा?"

"एसीचं विचारत नाही, सर्व्हरचं विचारतोय."

मेकॅनिकनं शिडी खांद्यावर टाकली. "तुमच्या डोक्यालाच गॅस भरायला हवा," असं म्हणून तो गेला. दुपारपर्यंत खोलीची भट्टी झाली आणि सर्व्हर तापून बंद पडले.

सर पुन्हा आले, पुन्हा चिडले. "अरे, मदतीला आलेल्या माणसाला असं हाकलतात? काही संस्कार आहेत की नाही? त्याला बसवायचं, त्याचा मान ठेवायचा, यथोचित सत्कार करायचा. आमच्या काळात दारात आलेल्या माणसाचे पाय धुवायचे."

"कोण धुवायचं, सर?"

सर म्हणाले, "तो मुद्दा नाही."

एसीची दुरुस्ती झाली. मग पुण्याहून किमया लोणारे आली. हिला काम खरोखर येत होतं. एका रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळायची, सुट्टीच्या दिवशी इथे मदत करणार होती. पाठीला सॅक, हातात लॅपटॉप.

"पासवर्ड द्या, मी बसते कामाला," ती म्हणाली.

"आधी तुम्ही बसा," दौलत म्हणाला. त्यानं सतरंजी अंथरली. सरांना बोलावलं. सर आले म्हणून मार्गदर्शक आले. मार्गदर्शक आले म्हणून माईक आला. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांची ओळख झाली. ओळख करून देताना कार्याध्यक्षांनी स्वतःचीच जास्त करून दिली. किमयाला शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं. मग सर "थोडक्यात बोलतो" म्हणाले. सर नेहमी असंच म्हणतात.

"सर, मला फक्त पासवर्ड हवाय," किमया मध्ये म्हणाली.

"बघा, हीच ती तळमळ," सर माईकवर म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आभारप्रदर्शन चालू असताना तिची शेवटची एसटी लागली. ती नारळ घेऊन धावत गेली. पासवर्ड इथेच राहिला.

संध्याकाळी ताईचा फोन सरांना. ताई काय बोलली ते कोणाला कळलं नाही, पण सरांचे कान लाल झाले होते. ते दौलतकडे वळले. "मी बोलायला लागलो तर मला थांबवायला नको? यापुढे मदतीला कोणी आलं की वेळ घालवायचा नाही. मागेल ते लगेच हातात ठेवायचं."

"लगेच?"

"मागायच्या आत."

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "मी सर्व्हर कंपनीतून बोलतोय. तुमचे सर्व्हर सुरक्षित करून देतो. त्यासाठी आम्हाला तुमचा…"

"पासवर्ड," दौलत म्हणाला आणि सांगून मोकळा झाला. पलीकडच्या माणसानं तो दोनदा लिहून घेतला. इतकं सोपं काम त्याला आजवर मिळालं नसावं.

मग वैजूचा फोन. "दौलतभाऊ, लोकशाहीचा धडा ऐकत होतो. मध्येच पान म्हणालं, रमी खेळा आणि लखपती व्हा."

"मग?"

"मग काय. निम्म्या पोरींना वाटलं धड्यातच आहे."

नसरीनताईनं सुजलेले पाय उशीवर ठेवून, माहेरी बसल्या बसल्या सगळं साफ केलं आणि नवा पासवर्ड लावला. दौलतला फोन करून म्हणाली, "नीट ऐक. आता हा पासवर्ड दोघींनाच द्यायचा. एक किमया. तिची मी माफी मागितलीय. दुसरी वैजू."

"वैजू?"

"तिला काय झालं? सर्व्हरशी लिहून बोलतात, आणि लिहिलेलं ती कानानं वाचते. आपल्या मंडळात ऐकून घेणारी तीच एक आहे. सोमवारी दोघी येतील. सोमवारीच सर्व्हरचं ओळखपत्र नवं करायचंय. झालं नाही तर एकही फोन सर्व्हरशी बोलणार नाही. समजलं?"

"समजलं," दौलत म्हणाला. त्याला खरंच समजलं होतं. पण फोन ठेवला तेव्हा सर मागे उभे होते.

"रमीमुळे मंडळाची छी थू झाली," सर म्हणाले. "पासवर्ड म्हणजे मंडळाची अब्रू. तो कोणालाही कळता कामा नये."

"किमयाताईला?"

"कोणालाही."

"मला?"

"तुला तर मुळीच नाही."

दौलतनं खूप विचार केला. पासवर्ड त्याला पाठ होता, म्हणजे आज्ञा मोडत होती. तो संगणकापुढे बसला. डोळे घट्ट मिटले आणि कोऱ्या पानावर दहाही बोटं आपटली. जे उमटलं ते न बघता उचललं, नव्या पासवर्डच्या चौकटीत चिकटवलं, खातरजमेसाठी पुन्हा चिकटवलं आणि पान पुसून टाकलं. मग डोळे उघडले. त्याला फार हलकं वाटलं.

सोमवारी किमया आली. वैजू तिच्या हाताला धरून आली.

"पासवर्ड?" किमया दारातूनच म्हणाली. यावेळी ती खाली बसायला तयारच नव्हती.

"कोणालाच माहीत नाही," दौलत म्हणाला.

"म्हणजे?"

"मलाही नाही." एवढं सांगताना त्याची छाती फुगली होती.

दुपारी ओळखपत्राची मुदत संपली. वसतिगृहातले सगळे फोन वाक्य अर्धवट सोडून मुके झाले. परीक्षा त्याच आठवड्यात होती.

किमया म्हणाली, "मशीन खोलून आतून वाट काढता येईल. मला फक्त खोलीत बसू द्या."

सर म्हणाले, "मंडळाच्या मालमत्तेला बाहेरचं कोणी हात लावणार नाही. त्यासाठी ठराव लागतो. बैठक पुढच्या महिन्यात आहे."

"सर, आमची परीक्षा गुरुवारी आहे," वैजू म्हणाली.

"अडचणी कोणाला नसतात, बाळ? आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो."

"कंदील असता तरी माझ्या काय कामाचा, सर?"

सरांना सुचलं नाही की ते ओरडतात, आणि ओरडायला दौलत होताच. "हे सगळं या कर्मदरिद्र्यामुळे. तू आता काही करू नकोस. ज्याला काम येतं त्याच्या हाती सगळं देऊन टाक आणि बाजूला हो."

एवढं बोलून सर गाडीत बसले. शेजारच्या तालुक्यात त्यांचं व्याख्यान होतं. विषय 'ज्ञान सर्वांसाठी खुलं'.

दौलतनं गाडीची धूळ खाली बसू दिली. मग विचारलं, "काम कोणाला येतं?"

"मला," किमया म्हणाली.

"मला थोडंफार," वैजू म्हणाली. "बाकीचं शिकेन."

दौलतनं टेम्पो आणला. तिन्ही सर्व्हर चढवले. वायरी चढवल्या, बॅटऱ्या चढवल्या. टेबलं, खुर्च्या, सतरंजी, माईक, शालींचा गठ्ठा, नारळांचं पोतं आणि न वाटलेली सन्मानचिन्हं चढवली.

टेम्पोवाल्यानं वर बघितलं. "ती पाटी राहू दे का?"

"सगळं म्हणालेत," दौलत म्हणाला आणि पाटी उतरवली.

वसतिगृहाच्या जेवणघरात किमयानं पहिलं मशीन खोललं. वैजू शेजारी बसून कान लावत होती. दोघी फोनवर ताईला विचारत होत्या. तिसरा सर्व्हर जागा झाला तेव्हा ताईच्या मागून तिचं दोन दिवसांचं बाळ रडताना ऐकू आलं. बोलकं पान पुन्हा बोलायला लागलं. सुरुवात पेशीपासूनच केली.

सकाळी सर मंडळात आले. दार उघडं होतं. आत चार भिंती, आणि एका भिंतीला चिकटून दौलत उभा होता. बाजूला.

"सर्व्हर कुठे आहेत?"

"ज्यांना काम येतं त्यांच्या हाती."

"माझी खुर्ची?"

"त्यांच्या हाती."

"पाटीसुद्धा?" सरांचा आवाज चिरका झाला. "अरे मूर्खा, मग मंडळात राहिलं काय?"

दौलतनं रिकाम्या खोलीवर नीट नजर फिरवली. सरांनी विचारलं होतं, तेव्हा उत्तर बरोबर यायला हवं होतं.

"तुम्ही, सर."