केतकपूरचा घाट

एका राज्यात, डोंगरांची शेवटची रांग जिथे उतरते तिथे, केतकपूर नावाचे गाव होते. राजघराण्याचे मूळ तिथले. तरी राजधानीत त्याचे नाव कुणी घेत नसे. तिकडे गेलेला राजा माघारी येत नाही, एवढेच जुनीजाणती माणसे सांगत.

राजा रत्नध्वज हसला. "पूर्वजांचे गाव पाहायला भ्यावे कशाला?" म्हणाला, घोड्यावर बसला, निघाला. पौर्णिमा गेली, अमावास्या आली. घोडा एकटाच परतला.

राणी इंदुलेखेच्या घशाखाली घास उतरेना. तिने त्याच घोड्यावर मांड टाकली आणि खिंड ओलांडून, उन्हे कलताना, केतकपूर गाठले.

केवढे सुंदर गाव! केवड्याची बने, कड्यावरून कोसळणारी पांढरी धार, टेकडीवर पडकी गढी, मधोमध निळे तळे. पण एकाही घराची खिडकी तळ्याकडे उघडत नव्हती.

देवळाच्या पायरीवर सगुणा गुरवीण बसली होती. ती धडपडत उठली.

"राणीसाहेब, पाण्याकडे बघू नका. राजाच्या नावाचे कुंकू लावता, तुम्हालाही ते सोडायचे नाही."

"महाराज कुठे आहेत?"

म्हातारीने घाटाकडे बोट केले. तिथे दगडाचे राजे ओळीने बसले होते, तोंडे तळ्याकडे. शेवटचा रत्नध्वज. छातीपर्यंत पाषाण झालेला.

"इंदू, आलीस?" तो म्हणाला. मान वळली नाही. "बैस. किती शांत पाणी आहे!"

"उठावे, महाराज. घरी चलावे."

"कशाला?"

राणीने तळ्याकडे पाठ करून त्याचा हात धरला. हात थंडगार, खडबडीत.

तोच उंबरावरचा धनेश पक्षी बोलला, "राणी, सूर्य गढीआड गेला की याचे डोळेही दगडाचे होतील. केवड्याच्या बनातून किल्ली आण. गढीतल्या सावलीचे ऐक. मग तळ्याचे पाणी सोडायची मोरी उघड."

"मला जमेल?"

"ते मला ठाऊक नाही," पक्षी म्हणाला, आणि उडून गेला.

राणी बनात शिरली. काट्यांनी शालू फाटला. किल्लीवर वेटोळे घालून नाग बसला होता. त्याने फणा काढला.

"भ्यायलीस?"

"फार," राणी म्हणाली.

"खरे बोललीस. निर्भय म्हणवणाऱ्यांना मी डसतो." नाग सरकला.

किल्ली मुठीत आवळून ती गढी चढली. तिथे माणूस नव्हता. भिंतीवर नुसती सावली होती, मांत्रिक वज्रनाभाची.

"मोरी कुठे आहे?" राणीने विचारले.

"आधी गावाची कथा ऐक. मधे उठलीस तर मी गप्प होईन."

राणी बसली. सावली सावकाश बोलू लागली. हे तळे खणले पाथरवटांनी. पहिल्या राजाने आपला खजिना तळाशी पुरला, आणि जागेचे गुपित फुटू नये म्हणून खणणारे आत असतानाच पाणी सोडले. त्यांत वज्रनाभाचा भाऊ होता. वज्रनाभाने शाप दिला: धन तुमचे, तर राखणही तुम्हीच करा. मग सावली एकेका बुडालेल्याचे नाव घेऊ लागली. बाहेर ऊन भिंतीवरून वर वर सरकत होते. पण ती हलली नाही. प्रत्येक नाव तिने आपल्या तोंडाने उच्चारले.

शेवटच्या नावापाशी सावलीचा आवाज कापला. "आजवर इथे कुणी पुरते ऐकले नव्हते. मोरी घाटाच्या खालच्या पायरीत आहे. पाण्याखाली."

राणी धावली. डोळे घट्ट मिटून पाण्यात उतरली. पाणी कमरेला लागले, गळ्याला लागले. "एकदाच बघ," पाणी नवऱ्याच्या आवाजात म्हणाले. तिने ओठ चावले, बुडी मारली, चाचपडत किल्लीचे भोक शोधले. किल्ली फिरेना. छाती फुटू लागली. तिने दोन्ही हातांनी जोर केला.

कडाड् आवाज झाला. पाणी गर्जत ओढ्याला मिळाले.

तळ उघडा पडला. सोन्याच्या हंड्यांभोवती पांढरी हाडे होती. घाटावरचे जुने राजे माती होऊन ढासळले. रत्नध्वजाच्या अंगावरून खपल्या गळाल्या. तो पुढे कोसळला, तो पायऱ्या चढून आलेल्या राणीच्या ओल्या खांद्यावर.

"इंदू," तो म्हणाला, "दगडाच्या आतून मी हाका मारत होतो. तुला ऐकू येत नव्हत्या?"

तिने त्याला फक्त घट्ट धरले.

दुसऱ्या दिवशी राजाने अनवाणी उतरून हाडे वेचली, एकेकाच्या नावाने अग्नी दिला, आणि खजिना पाथरवटांच्या वंशजांपुढे ठेवला. गढीच्या भिंतीवर मग सावली उरली नाही. मोरी बंद केली, कड्याच्या धारेने तळे पुन्हा भरले. केतकपूरच्या लोकांनी घरांना नव्या खिडक्या पाडल्या. पहिली सगुणा गुरविणीची. ती दिवसभर तिथे बसून पाणी पाहत राहिली, आणि संध्याकाळ झाली तेव्हा सहज उठून दिवा लावायला गेली.