शेपर आणि टेबलबाई

सुतारकामात नुकती वीज शिरली होती, तेव्हाची गोष्ट. जगू मेस्त्रींच्या अरुंद दुकानात लाकडाच्या कडा गोल करणारी दोन यंत्रे होती: शेपर आणि राउटर टेबल, म्हणजे राउटर हे हातात धरून चालवायचे यंत्र खाली अडकवलेले टेबल. एकालाच ठेवायचे, असे मेस्त्रींनी ठरवले.

"माझी मोटर अंगातली आहे, टेबलबाई. तुमचा राउटर खाली टांगलेला," शेपर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका घरात बसवलेल्या दाराची कड गोल करायची निघाली. मेस्त्री टेबलाखालचा राउटर सोडवून घेऊन गेले.

"आता तुम्ही नुसती फळी!"

"हो ना," टेबलबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मेस्त्रींनी राउटर पुन्हा टांगला आणि शेपरला विकायला टेम्पोत चढवले.

"अहो, मी जन्मात जागा सोडली नाही!" शेपर ओरडला.

"दारानंही सोडली नाही, भावोजी. कुणाला तरी जावं लागलं."