तिसऱ्या पाण्याचा मासा

एका राज्यात सुमेरसेन नावाचा राजा होता आणि त्याची राणी मृणावती तळ्याच्या पायरीवर शिळा होऊन बसली होती. काळजंघ जादूगाराने तळ्यातले तांबडे मासे मागितले, राणीने दिले नाहीत. त्याने सारे मासे मारले आणि शाप दिला, “या तळ्यात पुन्हा तांबडा मासा पोहेल, तेव्हाच तू उठशील.” राजाने तीन नद्यांचं पाणी आणून तीन वर्षं तळं काठोकाठ भरलेलं ठेवलं. मासा काही आला नाही.

राणीला लहानपणी अंगावर पाजणारी दाई धनाई रोज ती शिळा पुसायची. एकदा काठच्या गोरखचिंचेवरून खंड्या पक्षी म्हणाला, “धनाई, केस पिकले, अक्कल कच्चीच!”

“मग तू पिकव, बाबा.”

“मासे मेले, पण अंडी चिखलात आहेत. ती कोरड्यातच पिकतात. तळं आटवा, हत्ती फिरवून चिखल घट्ट करा, भेगा पडू द्या. मग पाणी सोडा.”

राजाने धनाईचं ऐकून विचारलं, “आणि मासा आला नाही तर?”

“तर हे डोकं आपलं, महाराज.”

तळं आटलं, हत्ती फिरले. काही महिन्यांनी धनाईने ढेकूळ फोडलं, तर मोहरीएवढ्या अंड्यात दोन काळे डोळे. पाणी सोडलं, दुपारपर्यंत पिल्लं पोहू लागली, पण अजून तांबडी झाली नव्हती. मग काळजंघ बगळा होऊन आला आणि एकूण एक पिल्लू गिळून गेला. जाताना म्हणाला, “दाई, मान धुऊन ठेव!”

राजाने धनाईवर तलवार उपसली. धनाईने आधी चिखलात हात घातला.

“महाराज, न फुटलेली अंडी आहेत अजून. शहाणी आई सगळी लेकरं एकाच पाण्याच्या भरवशावर टाकत नाही.”

तळं पुन्हा आटवलं, पुन्हा भरलं. बगळा पुन्हा आला, पुन्हा सगळी गिळली. तिसऱ्या खेपेला मात्र तो आलाच नाही. दोनदा रिकाम्या केलेल्या तळ्यात आता काय उरणार, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या पाण्याची पिल्लं भराभर वाढली. अठराव्या दिवशी एका नराची शेपटी तांबडी झाली. त्याच क्षणी शिळेला ऊब आली आणि राणीने डोळे उघडले.

“धनाई, मासे दिले नाहीत ना त्याला?”

“दोन पाण्यांचे त्याने खाल्ले, बाईसाहेब. तिसऱ्याचे आपलेच.”

शाप फिटला, तसा तो काळजंघावरच उलटला आणि तो कायमचा बगळाच राहिला. राजाने तेव्हा कुठे तलवार म्यान केली. त्या राज्यात अजूनही दर उन्हाळ्यात तळं आटू देतात, आणि कोरडा तळ पाहून कोणी घाबरत नाही.