महाराजांची फुंकर

"पुन्हा फुटका!" कडाडसिंह महाराज गरजले. ताटातल्या मोदकातून सारण बाहेर डोकावत होतं. "उद्या मी स्वतः मुदपाकखान्यात उभा राहणार! एकवीस मोदक! एक जरी फुटला, तर सगळे आचारी बायकापोरांसकट राज्याबाहेर! आणि मला कोणी गप्प बसायला सांगितलं, तर त्याची जीभ हातात!"

महाराजांचा एक पक्का समज होता. माणसं ओरडल्याशिवाय काम करत नाहीत. ते सकाळी सूर्यावरसुद्धा ओरडत, आणि तो उगवेच! मग आपला समज चुकीचा आहे हे त्यांना पटणार कसं?

मुख्य आचारी धोंडभट कपाळाला हात लावून बसला. "मोदक मी झोपेतसुद्धा वळीन गं, सारजे. पण महाराजांची ओरड लांबून आली तरी बोट पारीतून आरपार जातं, उद्या तर ते मागेच उभे!"

सारजा चूल सांभाळायची. घरी सहा महिन्यांचं तान्हं. त्याला घेऊन राज्याबाहेर जायचं म्हणजे कुठे? तिनं थोडा विचार केला.

"काका, तुम्ही फक्त मोदक वळा. महाराजांचं मी बघते."

"काय बघतेस?"

"ते अजून मलाही नीटसं माहीत नाही," ती म्हणाली आणि सरपण घेऊन हौदाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. मागे प्रधानजी. महाराजांनी छाती फुगवली, तोंड उघडलं...

"महाराज, घात झाला!" सारजाच आधी ओरडली. "चूल पेटत नाही! आम्ही सगळ्यांनी फुंकून पाहिलं. आमच्या छातीत दम कुठला? अख्ख्या राज्यात दमदार छाती एकच!"

"कोणाची?" महाराजांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

सारजानं फुंकणी पुढे केली.

महाराज चुलीपुढे उकिडवे बसले आणि फुंकू लागले. लाकडं धुमसली. त्यांना मध्येच आठवलं. "अरे धोंडभटा, हात चालव..."

"महाराज, जाळ गेला!"

"फूऽऽ!"

"असं धसमुसळं नाही, महाराज. आधी लांब श्वास घ्या. आता सावकाश सोडा. हां! अस्सं!"

धुरानं महाराजांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. महाराज रडतायत असं समजून प्रधानजींनीही हुंदका दिला. दाराशी उभे असलेले पहारेकरीही नाइलाजानं रडू लागले. धोंडभट मात्र एका कोपऱ्यात शांतपणे पाऱ्या करत होता. गुणगुणतही होता.

शेवटी जाळ धरला, मोदक वाफवून झाले आणि एकवीसच्या एकवीस समोर आले. गोरे, टोकदार, अखंड!

महाराजांनी एकेक मोदक फिरवून फिरवून पाहिला. सवयीनं ओरडायला तोंड उघडलं, पण श्वास इतका संथ झाला होता की ओरडणं काही जमेना.

"हे कसं झालं?" त्यांनी चक्क हळू आवाजात विचारलं. "आणि लाकडं एवढी ओली कशी?"

"मी भिजवली, महाराज. कालपासून हौदात होती."

धोंडभटानं डोळे मिटून घेतले. प्रधानजींचं रडणं थांबलं.

"म्हणजे तू मला गप्प बसवलंस?"

"छे, महाराज! माझी काय बिशाद! तुम्हाला कोणीच गप्प बसवलं नाही. तुमचं तोंड कामात होतं, म्हणून धोंडभटकाकांचे हात कामात राहिले!"

महाराजांनी हातातल्या फुंकणीकडे पाहिलं, मग मोदकांकडे.

आणि मग महाराज हसले! काजळीनं माखलेलं तोंड, लाल डोळे, अन् हसता हसता बसकणच मारली. "माग, पोरी! हवं ते माग!"

"झोप," सारजा पटकन म्हणाली. "पोरगं सहा महिने डोळ्याला डोळा लागू देत नाहीये, महाराज."

महाराज आणखीच हसले. तिथल्या तिथे फर्मान निघालं: सारजाबाईंना पाच बिघे इनाम, आणि रोज दुपारी दोन घटका झोप, शाही शिक्क्यानिशी! तेवढा वेळ तान्हं सांभाळायला प्रधानजी!