सगुणाचं मोडकं वाक्य

डोंगराच्या कुशीत, करंजांच्या गार सावलीत एक इवलीशी शाळा होती. त्या शाळेत सगुणा शिकायची. तिला वडील नव्हते. आई देवळाच्या पायऱ्यांवर झेंडूच्या माळा विकायची. पहाटे आईबरोबर फुलं ओवून ओवून सगुणाची बोटं पिवळीधमक व्हायची.

सगुणा गुणाची पोर होती, पण इंग्रजीच्या तासाला तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा ती चुकली, तेव्हा शेजारी बसणारी केशर खुदकन हसली आणि मागोमाग सगळा वर्ग हसला. तेव्हापासून हसं होईल या धास्तीनं कुणीच इंग्रजी बोलेना. केशरसुद्धा नाही.

एके दिवशी इंग्रजी शिकवणाऱ्या कानडेबाई खडू ठेवून वर्गाकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "उद्या शाळा तपासायला मोठे साहेब येणार आहेत. याही वेळी तुम्ही कुणी बोलला नाहीत, तर माझ्या जागी ते दुसऱ्या कुणाला तरी आणतील."

सगुणा तापानं फणफणली होती, तेव्हा बाईच तिच्या उशाशी बसल्या होत्या.

मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या बागेत एकटीच रडत बसली. तेवढ्यात जास्वंदीवरच्या कोळ्याच्या जाळ्यात तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. बोटाएवढी एक परी तिथं अडकली होती. तिचे निळे-सोनेरी पंख थरथरत होते आणि फांदीवरून कोळी सरसर खाली उतरत होता. सगुणाला कोळ्याची भारी भीती वाटायची. तरी तिनं श्वास रोखला, हात पुढे केला आणि एकेक धागा अलगद सोडवला.

"काय देऊ तुला, बाळ?" परीनं विचारलं.

"उद्या इंग्रजी बोलता येऊ दे. आमच्या बाई जायला नकोत."

परीनं तिच्या तळहातावर मोहरीएवढे तीन शुभ्र मोती ठेवले. "एक मोती जिभेखाली धरलास की एक सुंदर वाक्य येईल. पण कुणाच्या चुकीला हसलीस, तर मोत्याचा खडा होईल. आणि दिलेला मोती परत मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वर्गात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी केशरकडे बोट दाखवलं. ती उठली. तिचे ओठ पांढरेफटक पडले. सगुणा तिच्या शेजारीच होती. तिला ते जुनं हसू आठवलं, तरी तिनं बाकाखालून एक मोती केशरच्या हातात सरकवला. "जिभेखाली धर," ती कुजबुजली. केशर अगदी स्वच्छ बोलली.

मग रोहिदासची पाळी. तो बोलताना अडखळायचा. सगुणानं त्यालाही मोती दिला. आता एकच उरला होता. तो तिनं घट्ट मुठीत धरला. पण पाळी येताच मागच्या बाकावरची चिमुकली यमू भीतीनं मुसमुसू लागली. सगुणानं डोळे मिटले आणि हात मागे करून तोही तिला दिला.

"आता तू," साहेब म्हणाले.

सगुणा उठली. मूठ रिकामी होती. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"माय मदर..." ती थांबली. "माय मदर सेल फ्लॉवर."

कुणीतरी हसणार म्हणून तिनं मान खाली घातली. कुणीच हसलं नाही.

"व्हॉट फ्लॉवर?" साहेबांनी विचारलं.

"यलो फ्लॉवर. मॉर्निंग शी गो. आय गो विथ शी."

साहेब पुढे वाकून ऐकू लागले. तोच केशरनं हात वर केला. "माय फादर मेक पॉट," ती मोत्यावाचून म्हणाली. मग रोहिदास अडखळत अडखळत बोलला, आणि बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर झाले.

साहेबांनी वही मिटली. "बाई, आधीची तीन वाक्यं सुरेख होती. पण ही पोर माझ्याशी बोलली, आणि तिच्यामुळे बाकीची. तुम्ही इथंच राहा."

बाईंनी पदरानं डोळे टिपले.

सुट्टी होताच सगुणा बागेत धावली. परी जास्वंदीच्या पाकळीवर बसली होती.

"मी तिन्ही मोती देऊन टाकले," सगुणा म्हणाली. "तू रागावलीस?"

"आणखी हवेत का?"

सगुणानं जरा विचार केला. "नकोत. चुकलं तर बाई सांगतील."

परी हसली. तिनं सगुणाच्या कपाळावर इवलंसं चुंबन दिलं, पंख पसरले, आणि लखलखत्या प्रकाशाची एक लाट सगळ्या बागेवरून गेली. सगुणानं दिपून मिटलेले डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. वर्गातून मात्र केशरचा आवाज येत होता. ती यमूला काहीतरी विचारत होती, चुकतमाकत, इंग्रजीत.