तातोबा गुळव्यानं पोरांना दिलेली काहील

बैल चरक ओढायचे आणि वाटसरू गुळाच्या वासावरून गाव ओळखायचे, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या हेळेवाडीत तातोबा नावाचा गुळव्या होऊन गेला. उकळत्या काहिलीत तो नुसती दोन बोटं बुडवायचा, पाकाची गोळी करून काठावर मारायचा आणि तिचा आवाज ऐकून म्हणायचा, "उतरा." मग गूळ असा बसायचा, की ढेप टेकडीवरून गडगडत आली तरी टवका उडत नसे. त्याच्या बोटांना कधी फोड आला नाही, असं सांगतात. आगसुद्धा त्याच्या शब्दाबाहेर जात नसे, असंही सांगतात.

पण एका हंगामात गूळ बसेना. ओतलेला पाक दुसऱ्या दिवशीही थुलथुलीत. पेठेतल्या व्यापाऱ्यानं भरली गाडी परत पाठवली, वर निरोप दिला, "हा ताटात वाढायचा की वाटीत?"

गावानं उपाय केले. लिंबू-मिरची बांधली, कोंबडं उतरवलं, चुलवाणाचं तोंड फिरवलं, मळी काढायला भेंडीचं पाणी दुप्पट घातलं. सगळं एकदमच केलं, त्यामुळे कशानं काय झालं ते कुणालाच सांगता येईना. पुढच्या हंगामातही तेच. शेवटी पारावर ठरलं, आता फसलं तर परगावचा गुळव्या आणायचा. तातोबाच्या तोंडावर हे कुणी बोललं नाही. पण तो पारावरून गेला की सगळे गप्प होऊ लागले, त्यावरून तो काय ते उमजला.

गावात तेव्हा नवी शाळा निघाली होती. शाळेची पोरं रस प्यायला गुऱ्हाळावर यायची. त्यांत गुरवाची हौसा होती. तिनं विचारलं, "तातोबाआजा, ह्या काहिलीत ऊस कुणाचा?"

"पाची रानांचा. सगळ्यांचा एकात घालायचा, ही जुनी रीत हाय. म्हंजे भांडान न्हाई."

"भांडान न्हाई, पर बिघडतंय कुणाचं, ते कसं कळायचं?"

जाळ घालणारा गडी हसला. "घ्या. आता गुरवाची पोर गुळव्याला गूळ शिकवणार."

"शिकवू दे की," तातोबा म्हणाला. "मला येत असतं तर असा डोक्याला हात लावून बसलो असतो व्हय?"

आणि त्यानं रीत मोडली. पाच रानांच्या पाच काहिली वेगळ्या. जाळ तोच, भेंडीचं पाणी तेवढंच, बोटं त्याचीच, बदलायचा तो फक्त ऊस. काय झालं ते हौसानं भिंतीवर कोळशानं लिहायचं. चार काहिली टणक बसल्या. पाचवी बसली नाही. ते रान सगळ्यांत मोठं, कालव्याच्या पाण्यानं खार फुटून पांढरं पडलेलं, आणि ते तातोबाचंच होतं. त्या दिवशी त्याच्या बोटाला पहिल्यांदा फोड आला, असं सांगतात.

हौसाचा हात भिंतीशी थांबला.

"लिही पोरी," तातोबा म्हणाला. "माझं नाव घालून लिही. आन उद्या माझाच ऊस परत घालू. एकदा झालं ते चुकून बी झालं असंल."

दुसऱ्या दिवशीही गूळ बसला नाही. मग तातोबा स्वतः पारावर गेला आणि म्हणाला, "गावाचा गूळ माझ्या रानानं बिघडवला." परगावच्या गुळव्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. लोकांनी त्याच्या रानात चर खणले, खार धुऊन निघेपर्यंत त्याचा ऊस गुऱ्हाळाला लागला नाही, आणि पेठेतला व्यापारी स्वतः गाडी घेऊन आला.

गावानं विचारलं, तुला काय द्यावं? तो म्हणाला, "हंगामातली एक काहील शाळेच्या पोरांना द्या. ती काय बी घालू देत. फसली तर रागवायचं न्हाई. फकस्त का फसली ते त्यांनी शोधायचं."

हौसा पुढं शहरात जाऊन मातीचाच अभ्यास करणारी मोठी बाई झाली. तातोबा गेला त्या दिवशी साऱ्या नदीकाठच्या काहिली न ढवळता शांत उकळत राहिल्या, असं सांगतात.

आता चरक विजेवर चालतो. तरी हंगामातली पहिली काहील तातोबाच्या नावानं शाळेला जाते, आणि पोरांचा जो काही गूळ होईल तो सारं गाव भाकरीबरोबर खातं. गेल्या खेपेला शेवग्याच्या सालीनं अख्खा पाक काळाठिक्कर पडला. सरपंचांनी बोट चाटलं, डोळे घट्ट मिटून गिळलं, आणि सहावीतल्या पोरीला विचारलं, "बरं, आता पुढच्या वर्षी काय घालून बघायचं?"